पोटात कळ येते तेव्हा: आतड्याच्या मज्जातंतूंचा धागा

गोदाकाठ

शेजारच्या ॲसिडिटीच्या धाग्यावर परवा एक वाक्य आलं: "सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, म्हणजे दुखणं मनाचं." त्याला भराभर +१ पडले. तिथे अवांतर वाढवण्यापेक्षा इथे वेगळं लिहितो. मी डॉक्टर नाही, नर्सिंगच्या मुलामुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. तेव्हा गोळ्या विचारू नका, मज्जातंतूंबद्दल हवं ते विचारा.

माझं म्हणणं एवढंच आहे. सोनोग्राफी आणि दुर्बीण आतड्याचा आकार, रंग, जखमा पाहतात. दुखणं ज्या तंतूंमधून वर जातं ते किती हळवे झालेत हे त्यांत दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ "या तपासांना जे दिसू शकतं ते नाही" इतकाच होतो.

सुरुवात एका विचित्र गोष्टीपासून करू. आतडं कापलं तर दुखत नाही. स्वीडनमधल्या उप्सालाचे सर्जन लेनांडर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थानिक भूल देऊन पोटाची ऑपरेशनं करत. रोगी जागा, पोटाची भिंत बधिर, आतडी मात्र जशीच्या तशी. त्यांनी पाहिलं की आतड्याला चिमटा घ्या, कापा, डाग द्या, रोग्याला त्याची गंधवार्ताही नसते. पण आतड्याला मागच्या भिंतीशी बांधून ठेवणारा पडदा (मेसेंटरी) ओढला की तो कळवळतो. यावरून त्यांनी ठरवून टाकलं की पोटातल्या अवयवांना वेदना नसतेच, दुखतं ते पडद्याला आणि भिंतीच्या अस्तराला. ज्याला एकदा तरी मुरडा आलाय तो हे मान्य करणार नाही. १९११ मध्ये लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनी (पुढे ते हर्स्ट या नावाने प्रसिद्ध झाले) दाखवून दिलं की या अवयवांनाही दुखतं, फक्त प्रश्न वेगळा विचारायला हवा. सुरीला ते दाद देत नाहीत, ताणाला देतात. पोकळ नळीची भिंत ताणली की कळ येते.

आज ही यादी थोडी वाढली आहे: ताण, जोरकस आकुंचन, रक्तपुरवठा तुटणं, दाह, आणि मेसेंटरी ओढली जाणं. उत्क्रांतीच्या हिशेबाने हे पटतं. पोट फाडलं गेल्याची खबर द्यायला कातडी आहेच की. आतड्याने सांगायचं ते तुंबलंय, सुजलंय, रक्त मिळत नाहीये, एवढंच.

आता ही खबर जाते कशी? आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं वेगवेगळ्या थरांत पसरलेली असतात. काही अगदी आतल्या अस्तराखाली, काही स्नायूंच्या थरांमध्ये, काही बाहेरच्या आवरणात आणि मेसेंटरीतल्या रक्तवाहिन्यांच्या भोवती. वेदनेचे तंतू बहुतांशी 'सी' प्रकारचे, म्हणजे ज्यांवर मायलिनचं (विजेच्या तारेवरच्या वेष्टनासारखं) आवरण नसतं असे. त्यांचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर. बोटाला स्पर्श झाल्याची खबर नेणारे जाड तंतू ३५ ते ७५ मीटरने धावतात. संख्याही कमी: पाठीच्या कण्यात शिरणाऱ्या संवेदी तंतूंपैकी अंतर्गत अवयवांकडून येणारे १० टक्क्यांहून कमी आहेत. वर हे थोडके तंतू कण्यात शिरल्यावर एकाच पातळीवर थांबत नाहीत, वर-खाली अनेक पातळ्यांवर पसरतात. म्हणून पोटदुखी बोट ठेवून दाखवता येत नाही, अख्खा तळवा पोटावर फिरवावा लागतो.

शिवाय कण्यातल्या ज्या पेशीवर आतड्याचा तंतू येऊन टेकतो, तिच्यावरच कातडीचा आणि स्नायूचाही तंतू टेकलेला असतो. जुन्या वाड्यात तीन बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी तसं. घंटा वाजली की मेंदू ज्याच्याकडे रोज पाहुणे येतात त्याचंच दार उघडतो, आणि रोज येणारे संदेश कातडीचे असतात. पित्ताशय दुखलं की उजवा खांदा, मूत्रनलिकेत खडा अडकला की कंबरेपासून जांघेपर्यंत, ही सगळी या सामाईक घंटेची करामत.

अपेंडिक्समध्ये दोन्ही प्रकार एका दिवसात पाहायला मिळतात. सुरुवातीला बेंबीभोवती बोथट, मळमळीसकट दुखतं. हे अपेंडिक्सचे स्वतःचे तंतू, जे बेंबीच्या पातळीच्या कातडीबरोबर कण्यात शिरतात. काही तासांनी सूज बाहेर येऊन पोटाच्या भिंतीच्या अस्तराला लागली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि बोट ठेवून दाखवता येतं. मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वर्णन केलेला बिंदू तो हाच. दुखणं "सरकलं" असं आपण म्हणतो. खरं म्हणजे दुसऱ्याच तंतूंनी बोलायला सुरुवात केलेली असते.

---

कोकमसार

वा, वाचून मजा आली. माझी कोलोनोस्कोपी झाली तेव्हा भुलीचं इंजेक्शन नको म्हटलं होतं (हौस!). पडद्यावर सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी चिमट्याने तुकडा काढला, थेंबभर रक्त आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि खरंच काही म्हणजे काही जाणवलं नाही. पण आत हवा भरली तेव्हा मात्र देव आठवले. तेव्हा वाटलं होतं डॉक्टरांचा हात हलका आहे. श्रेय लेनांडरना द्यायला हवं होतं तर.

---

गोदाकाठ

@कोकमसार, अगदी नेमकं उदाहरण. आता बऱ्याच ठिकाणी साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरतात. तो आतड्यातून लवकर शोषला जातो, त्यामुळे नंतरचं फुगणं आणि कळा कमी होतात.

याच नळीच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये कायदा एकदम बदलतो. गुदद्वाराच्या थोडं आत एक दातेरी रेषा असते. तिच्या वरचं अस्तर आतड्याचं, म्हणून कापलेलं त्याला कळत नाही. रेषेखाली कातडीसारखे तंतू, सुईसुद्धा कळते. म्हणून आतल्या मूळव्याधीतून रक्त पडतं पण सहसा दुखत नाही, आणि तिला रबरबँड लावताना पूर्ण भूल द्यावी लागत नाही. फिशरची चीर मात्र रेषेखाली असते. अर्धा सेंटिमीटरची चीर माणसाला संडासाच्या दारात रडवते. आपल्याकडे दोन्हींना सरसकट मूळव्याध म्हणतात आणि एकच मलम घरभर फिरतं.

---

तिरकस

सगळं ठीक, पण ते 'पोटात दुसरा मेंदू' प्रकरण सांगा की. व्हॉट्सॲपवर आलं होतं, पोटात ५० कोटी न्यूरॉन, म्हणून पोट विचार करतं. आमच्या हापिसात काही लोकांचा पहिलाच मेंदू तिथे असावा असा दाट संशय आहे.

---

गोदाकाठ

:) न्यूरॉनचे आकडे १० कोटींपासून ५० कोटींपर्यंत दिले जातात. ते दोन जाळ्यांत असतात, एक माइसनर यांनी १८५७ मध्ये आणि दुसरं आउअरबाख यांनी १८६२ मध्ये वर्णन केलेलं. आणि हो, ही जाळी मेंदूला न विचारता काम करतात. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. बाहेरून येणाऱ्या नसा कापून टाकल्या तरी आतड्यात घास ठेवला की त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल होतो, घास पुढे सरकतो.

पण या जाळ्यांना वेदना "होत" नाही. त्यांना ताण कळतो, रसायनं कळतात, त्यावरून ती हालचाल आणि स्राव ठरवतात. तुम्हाला दुखतं ते वेगळ्याच तंतूंमुळे. त्यांच्या पेशी आतड्यात नसून कण्याच्या शेजारच्या गाठींमध्ये असतात आणि त्यांची लांब टोकं आतड्यापर्यंत आलेली असतात. पोटातून वर जाणारा दुसरा मोठा रस्ता व्हेगस नर्व्हचा. तिचे जवळपास ८० टक्के तंतू खालून वर खबरा नेतात, म्हणजे मेंदूचे हुकूम खाली आणणारे थोडेच. पण त्या खबरा मुख्यतः पोट भरलं, मळमळतंय अशा. कळ मुख्यतः कण्याच्या रस्त्याने जाते.

---

कटवडा

आम्ही कोल्हापूरचे. तर्रीबद्दल बोला. रात्री मिसळ खाल्ली की सकाळी पुन्हा तिची आठवण का येते?

---

अनवट

हा प्रश्न माझा, गोदाकाठ थोडी विश्रांती घ्या. :)

मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या कुलपात बसतं ती तंतूच्या भिंतीतली एक वाहिनी, नाव टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. हीच वाहिनी साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की उघडते, आम्लानेही चेकाळते. म्हणजे तोंडाला मिरची "गरम" लागते यात काही अलंकार नाही, मेंदूकडे जाणारा संदेश भाजल्याचाच असतो. जिभेवर ज्या वाहिन्या आहेत त्याच जठरात, आतड्यात आणि थेट शेवटच्या दारापर्यंत आहेत. कॅप्सेसिन सगळंच्या सगळं वाटेत शोषलं जात नाही. उरलेलं सकाळी दातेरी रेषेच्या खाली पोचतं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मात्र रोज तिखट खाणाऱ्याला त्रास कमी होतो, कारण ही टोकं सतत चेतवली की बधिर होत जातात. पक्ष्यांमधली ही वाहिनी कॅप्सेसिनला दादच देत नाही, म्हणून पोपट मिरच्या मजेत खातो.

पॅटापुटियन यांना नोबेल पिएझो वाहिन्यांसाठी मिळालं, या ताण-दाब ओळखणाऱ्या. पिएझो-२ आतड्याकडे येणाऱ्या तंतूंमध्येही आहे. आतून अन्न-गॅस किती सरकतोय याचा अंदाज त्यावरून लागतो.

---

शुभदा_म

मी गेली कित्येक वर्षं आयबीएसवाली (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: पोट सारखं दुखतं, शौचाची घडी बिघडते). सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरात "तुझं नेहमीचंच" हे ऐकून कान किटले. डॉक्टरांनी शेवटी दिलेली गोळी नेटवर पाहिली तर डिप्रेशनची! म्हणजे त्यांनाही मनाचंच वाटतं ना? राग आला होता खूप, गोळी घेतलीच नाही.

---

गोदाकाठ

शुभदाताई, तुमच्या प्रतिसादासाठीच हा धागा काढला असं समजा. सविस्तर लिहितो.

१९७३ मध्ये इंग्लंडमध्ये रिची नावाच्या संशोधकांनी आयबीएसचे रुग्ण आणि इतर लोक यांच्या मोठ्या आतड्यात फुगा फुगवून पाहिला. ६० मिलिलिटरपर्यंत फुगवल्यावर इतरांपैकी ६ टक्क्यांना दुखलं, आयबीएसवाल्यांपैकी ५५ टक्क्यांना. फुगा तोच, हवा तितकीच. पुढे बार्सिलोनाच्या गटाने लोकांच्या आतड्यात ठरावीक वेगाने गॅस सोडून पाहिलं, तेव्हाही आयबीएसच्या बऱ्याच रुग्णांना इतर लोक सहज सोसतात तेवढा गॅस सोसेना, तो पुढे सरकतही नव्हता. म्हणजे "गॅस फार होतो" ही तक्रार खरी असली तरी गॅस मोजला तर तो शेजाऱ्याइतकाच निघू शकतो.

हे हळवेपण येतं कुठून? एक जागा आतड्यातच. दाह झाला की तिथे हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकिनिन, सेरोटोनिन असा रसायनांचा बाजार भरतो. ही रसायनं तंतूचा उंबरठा खाली आणतात, मग आधी ज्याने काही व्हायचं नाही तेवढ्याच ताणाने तो पेटतो. काही तंतू तर एरवी पूर्ण मुके असतात, कितीही ताणा, गप्प. दाह झाला की तेही बोलायला लागतात. दाह ओसरतो, पण सगळे पुन्हा गप्प बसतातच असं नाही. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला तोवर अस्तर गुलाबी, निरोगी दिसतं. २००८ मध्ये लंडनमध्ये आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासले तेव्हा अनवट यांनी सांगितलेली ती मिरचीची वाहिनी असलेले तंतू इतरांच्या साडेतीन पट निघाले. साध्या बायॉप्सीत हे कोणी शोधतच नाही.

दुसरी जागा पाठीचा कणा. तिथल्या पेशींवर सतत मारा झाला की त्या स्वतःच चेतून राहतात. आणि तिसरी मेंदू, जो वरून खाली हुकूम पाठवून कण्यातलं दार कमीजास्त उघडतो. झोप नाही, मनावर ताण आहे, भीती आहे, तर दार उघडं. याला "मनाचं" म्हणायचं तर म्हणा, पण हे दारही तंतू आणि रसायनांचंच बनलेलं आहे.

आता गोळी. ती बहुधा ॲमिट्रिप्टिलिन असावी. नैराश्यासाठी ती साधारण ७५ मिलिग्रॅम आणि त्याहून अधिक देतात. आयबीएससाठी १० पासून सुरू करून ३० पर्यंत. एवढ्याशा डोसने मूड बदलत नाही, वेदनेचा रस्ता शांत होतो, आतड्याची गतीही थोडी मंदावते. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर ॲटलांटिस नावाची चाचणी झाली. सहा महिन्यांनी या औषधाच्या गटाला निव्वळ दिखाऊ गोळीच्या गटापेक्षा स्पष्ट बरं वाटत होतं. तोंड कोरडं पडणं, सुस्ती हे त्रास होतात, बद्धकोष्ठ असेल तर वाढू शकतं. घ्यायची की नाही ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण त्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं नव्हतं, फक्त हे दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. ते सांगत नाहीत, इथे मी तुमच्या बाजूने.

---

मेपलपान

कॅनडातल्या ऑन्टारिओतून लिहितेय. आमच्या इथे वॉकर्टन म्हणून सुमारे पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात ई. कोलाय जंतू शिरले. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, सात गेले. त्यानंतर संशोधकांनी त्या गावाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जुलाब कधीचे थांबले होते, जंतू गेले होते, तरी आठ वर्षांनंतरही १५ टक्क्यांच्या आसपास लोकांना आयबीएस होताच. आजारी न पडलेल्यांमध्ये प्रमाण बरंच कमी. अख्ख्या गावाचं एकाच आठवड्यात "मन" बिघडलं असं कोण म्हणेल?

---

तिरकस

हे वाचून मात्र गप्प बसलो. (तात्पुरता.)

---

साबुदाणा

मला गहू खाल्ला की दुखतं. सेलिॲकची (गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) तपासणी केली, नाही. ॲलर्जीची रक्ततपासणी, नाही. मग हे काय?

---

अनवट

दोन शक्यता, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

एक साधी. गहू, कांदा, लसूण, राजमा, छोले यांत काही अशा शर्करा असतात ज्या आपल्याला पचत नाहीत. त्या पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा गॅस करतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने यावर फॉडमॅप नावाचा आहार बसवला. गॅस सगळ्यांनाच होतो. ज्याचे तंतू हळवे, त्याला तो ताण कळ म्हणून जाणवतो. मराठी स्वयंपाकातून कांदा-लसूण काढायचा म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांकडून शिकायचं. पण हा आहार कायमचा नसतो, काही आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणून पाहायचा असतो. लोक हे विसरतात आणि वर्षभर वरणभातावर राहतात.

दुसरी शक्यता मला जास्त आवडते, कारण ती खरोखर नवी आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी उंदरांना पोटाचा संसर्ग दिला आणि त्याच काळात अंड्यातलं एक प्रथिन खायला घातलं. संसर्ग बरा झाला. नंतर तेच प्रथिन पुन्हा दिल्यावर त्या उंदरांच्या आतड्याचे तंतू हळवे झाले. संसर्ग न झालेल्या उंदरांना काही फरक नाही. झालं असं की संसर्गाच्या गडबडीत आतड्याने त्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं बनवली, पण फक्त तिथल्या तिथे. रक्तात ती सापडत नाहीत, म्हणून ॲलर्जीची तपासणी कोरी. पुढे ते अन्न आलं की आतड्यातल्या मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या) हिस्टामिन सोडतात आणि शेजारचे वेदनातंतू, तेच टीआरपीव्ही-१ वाले, चेततात. आयबीएसच्या काही रुग्णांच्या गुदाशयाच्या अस्तरात गहू, ग्लूटेन, सोया, दूध यांचे थेंब टोचून पाहिले, तर तिथल्या तिथे सूज आली. बोलोन्याच्या गटाने २००४ मध्येच दाखवलं होतं की आयबीएसमध्ये मास्ट पेशी तंतूंना खेटून असतात आणि जितक्या जवळ तितकं दुखणं जास्त. दोन्ही शोध एकमेकांना चांगले जुळतात.

सेरोटोनिनचीही गोष्ट जाता जाता. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं, बहुतेक अस्तरातल्या एन्टेरोक्रोमाफिन पेशींमध्ये. त्रासदायक रसायन आलं की या पेशी ते शेजारच्या तंतूवर सोडतात. उलटी थांबवायला ऑन्डान्सेट्रॉन देतात ती नेमकी याच निरोपाला अडवते. हे सेरोटोनिन मेंदूत जात नाही. तेव्हा "पोट खूश तर मन खूश" वाले फॉरवर्ड इथे टाकू नका.

---

जुईचीआई

मुलगी नऊ वर्षांची. सोमवारी सकाळी आणि परीक्षेला हमखास बेंबीपाशी दुखतं, शाळा बुडली की दहा वाजता बरी. सासूबाई म्हणतात नाटक आहे, नजर काढतात. मी मध्ये अडकलेय.

---

शल्यक

(मी सर्जन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी.) नाटक म्हणू नका. मनावरच्या ताणाने मेंदूकडून येणारा ताबा सैल होतो आणि आतड्याची रोजची हालचालही दुखू लागते. मुलीला दुखतंच आहे, फक्त अपेंडिक्स नाही. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी १९५८ च्या सुमारास शाळकरी मुलांच्या पोटदुखीचा अभ्यास केला होता. त्यांचं निरीक्षण अजून उपयोगी पडतं: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी अवयवाच्या आजाराची शंका जास्त.

दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, वजन घटत असेल, शौचात रक्त, ताप, हिरवी उलटी यांतलं काही असेल तर मात्र लगेच दाखवा. बद्धकोष्ठ आहे का तेही विचारा, शाळेतले संडास टाळणाऱ्या मुली खूप पाहतो. नजर काढली तर काढू द्या, त्याने बिघडत नाही. :)

आता इथे आलोच आहे तर दोन गोष्टी सांगतो. कॅज्युअल्टीत रोगी कसा पडलाय ते आधी बघतो. कळ येणारा माणूस गडबडा लोळतो, उठतो, बसतो, पुन्हा लोळतो: खडा, पीळ, नळीचं दुखणं. आणि जो अजिबात न हलता पडलाय, स्ट्रेचर हलला तरी ओरडतो, त्याच्या पोटाच्या भिंतीच्या अस्तराला दाह झालाय, पेरिटोनायटिस. गोदाकाठ सरांनी सांगितलेले दोन वेगळे तंतू, मला ते दारातूनच दिसतात. आणि जो लोळत होता तो अचानक शांत झाला तर नातेवाईक खूश होतात, मी धावतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हृदयाच्या खालच्या भिंतीचा ॲटॅक पोटाच्या वरच्या भागात दुखतो, मळमळ आणि घामासकट. तीच सामाईक घंटा. चाळिशी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदाच जबर "ॲसिडिटी" झाली, घाम फुटला, तर सोडा-लिंबू पाजत बसू नका, ईसीजी काढा. मधुमेहींमध्ये तंतू मुळात दुबळे झालेले असतात, त्यांना छातीत दुखतच नाही कधीकधी. या एका वाक्यासाठी हा धागा वर राहू द्या.

---

कोकमसार

शल्यक, एक शंका. "डॉक्टरने बघेपर्यंत दुखणं मारायची गोळी घेऊ नये, निदान चुकतं" हे खरं का? आमच्या आजोबांना तसंच तासन्‌तास तळमळत ठेवलं होतं.

---

शल्यक

पूर्वी आम्हाला तसंच शिकवत. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की दवाखान्यात योग्य वेदनाशामक दिल्याने निदान बिघडत नाही, उलट रोगी तपासू तरी देतो. घरी मात्र मनाने पेनकिलर गिळत राहू नका, कारण त्यांतल्या काही जठराला जखम करतात, आणि त्या भानगडीत दिवस उलटतो.

---

कटवडा

गरम पाण्याची पिशवी? आमच्या आजीचा सगळ्यावर एकच इलाज.

---

गोदाकाठ

त्याला चांगला आधार आहे. शेकाने स्नायू सैल होतात, आणि कातडीवरून जाणारे संदेश कण्यातल्या त्याच पातळीवर आतड्याच्या संदेशांना दाबतात. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला दाराचा सिद्धांत. पोट चोळल्याने बरं वाटतं तेही त्याचमुळे. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलही आयबीएसमध्ये वापरतात. त्यातलं मेन्थॉल आतड्याचा स्नायू सैल करतं आणि थंडावा ओळखणारी वाहिनी उघडतं. फक्त पिशवी कढत नको. रोज शेक घेणाऱ्यांच्या पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, विद्यार्थ्यांना आम्ही मुद्दाम दाखवतो. असा डाग दिसला की या माणसाचं दुखणं जुनं आहे हे त्याने न सांगता कळतं.

शुभदाताईंसाठी एक राहिलं. मँचेस्टरच्या व्हॉर्वेल यांनी १९८४ मध्ये आतड्यावर लक्ष केंद्रित करणारं संमोहन आयबीएसच्या हट्टी रुग्णांवर वापरून पाहिलं, आणि फरक चांगला पडला. गोळी नकोच असेल तर तोही मार्ग आहे, पण शिकलेला माणूस शोधा, पेपरातल्या जाहिरातीतला नको.

---

रानवाटा

बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. आडवं झोपता येत नाही, रात्रभर उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतात. मॉर्फिन सुरू आहे, पण सारखी गुंगी आणि बद्धकोष्ठ. काही आहे का अजून?

---

शल्यक

रानवाटा, पुढे वाकून बसणं हे स्वादुपिंडाचं अगदी ओळखीचं लक्षण. तो अवयव पोटाच्या अगदी मागे, कण्याला लागून असतो. पाठीवर झोपलं की ताण वाढतो.

त्याचे वेदनातंतू सीलिॲक प्लेक्सस नावाच्या जाळ्यातून जातात, महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) समोर. तिथे सुईने अल्कोहोल सोडून ते तंतू मारता येतात, सीटी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या मदतीने. कल्पना जुनी आहे, माक्स काप्पिस यांनी जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सीलिॲक ब्लॉक सुरू केला. बऱ्याच रुग्णांचं दुखणं कमी होतं आणि मॉर्फिन कमी करता येतं. त्याच जाळ्यात आतड्याला आवर घालणारे तंतूही असतात, त्यामुळे नंतर काही दिवस जुलाब होऊ शकतात आणि उठताना रक्तदाब पडू शकतो, बाबांना एकटं उठू देऊ नका. अगदी शेवटी करण्यापेक्षा थोडं आधी केलेलं बरं. तुमच्या कॅन्सर रुग्णालयात पेन क्लिनिक किंवा पॅलिएटिव्ह (त्रास हलका करणारा) विभाग असेल, "सीलिॲक ब्लॉक होईल का" असं थेट विचारा. तोवर मॉर्फिनबरोबर पोट साफ करणारं औषध (रेचक) रोज हवंच. ते कोणी लिहून दिलं नसेल तर उद्याच मागा.

---

रानवाटा

पोट साफ करणारं औषध लिहिलेलं नव्हतं. उद्या विचारते. आभार, डॉक्टर.

---

साबुदाणा

विषय थोडा बाजूचा. बहिणीचं दुर्बिणीने पित्ताशय काढलं. पोट फारसं दुखत नाही, पण उजवा खांदा इतका दुखतोय की ऑपरेशन टेबलावर हात ओढला गेला असं ती म्हणतेय.

---

गोदाकाठ

हात ओढला गेला नसावा. ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. थोडा गॅस श्वासपटलाखाली उरतो आणि त्याला चेतवतो. श्वासपटलाची फ्रेनिक नर्व्ह मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते, आणि खांद्यावरच्या कातडीच्या नसाही तिथूनच निघतात. बसल्यावर वाढतं आणि झोपल्यावर कमी होतं असं ती म्हणाली तर जवळपास नक्कीच हेच, कारण बसलं की गॅस वर चढतो.

---

शल्यक

बरोबर. दोन-तीन दिवसांत जातं. तिला हिंडूफिरू द्या. ताप आला, कावीळ दिसली, दम लागला किंवा पोटाचं दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं तर मात्र धागा वाचत बसू नका, ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांना फोन करा.